न ऐकता दिलेले गुण

चोवीस वर्षं मी इंग्रजी शिकवतो आहे आणि इंग्रजीत बोलायला मला अजून भीती वाटते. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या, तेव्हा हे वाक्य आधी लिहून टाकलं, म्हणजे मागाहून खोडायची सोय राहू नये. गमती आहेत, त्याही सांगतो. पण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती गमतीची नाही.

आमची शाळा मेहकर तालुक्यात, डोणगावकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात आहे. वर्गात उजवीकडं मुलं, डावीकडं मुली आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेनं फेऱ्या मारण्यात माझी नोकरी गेली, आणि फेऱ्या मारताना माझं तोंड बहुतेक वेळा उजवीकडं असे.

लोकांना वाटतं, इंग्रजीचा मास्तर म्हणजे इंग्रजी बोलणारा माणूस. आमच्याकडं तसं नसतं. मी धडा वाचतो, एकेका वाक्याचं मराठी सांगतो, कठीण शब्द फळ्यावर लिहितो, प्रश्नांची उत्तरं लिहून देतो आणि मुलं ती पाठ करतात. या सगळ्यात स्वतःचं म्हणून एकही वाक्य कुणाला बोलावं लागत नाही, मुलांनाही नाही आणि मलाही नाही. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर दिवसभर गाड्या पुकारतो, बुलढाणा, चिखली, अकोला. स्वतः मात्र खुर्चीवरून उठत नाही. माझं तेच.

काही वर्षं मी उन्हाळ्यात संभाषणाचे वर्गही घेतले. त्यातही छापील वाक्यं पाठ करून घेत असे. एकदा शेगावच्या एका लॉजवर काम करणारा माणूस सासुरवाडीला आला होता, तो वर्गात येऊन बसला. म्हणाला, "सर, मले पुरं इंग्रजी नको. दहा वाक्यं द्या. गरम पाणी किती वाजता येते, चप्पल कुठं ठेवाची, खोली कवा सोडाची, असे."

"आणि समोरच्यानं उलटा प्रश्न केला तर?"

"तर हासतो ना सर. हासणं येते मले."

मी त्याला दहा वाक्यं लिहून दिली. चार-पाच महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. दहापैकी सात वाक्यं वापरून झाली होती. मी हा किस्सा शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत असे आणि आम्ही सगळे हसत असू. फार उशिरा माझ्या लक्षात आलं, की तो माणूस सात वाक्यं जिवंत माणसांशी बोलला होता. माझा आकडा शून्य होता.

याचं मूळ बुलढाण्याच्या एका प्रशिक्षणात आहे. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. पुण्याहून आलेल्या बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं उभं राहून दोन मिनिटं इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची. माझ्या आधीचा मलकापूरकडचा शिक्षक उभा राहिला आणि त्याच्या तोंडून इंग्रजीसुद्धा वऱ्हाडी चालीत बाहेर पडलं. बाई हसल्या नाहीत, फक्त ओठ दाबले. ते दाबलेले ओठ मी पाहिले. माझी पाळी यायच्या आत उठलो आणि बाहेर जाऊन विचारलं, "चहाचं कोण बघून राह्यलं?" कुणीच बघत नव्हतं. मी बघितलं. तेव्हापासून जिल्ह्यात इंग्रजीचं कुठलंही प्रशिक्षण असो, चहाची व्यवस्था इंगळे सर करतात. लोक कौतुकानं म्हणत, "इंगळे सर हायेत ना, मग चहाची काळजी नाही." वीसेक वर्षं त्या कौतुकाच्या आड मी लपून राहिलो.

मी लपलो ते लपलो, मुलींनाही लपवलं. दहावीला इंग्रजीची तोंडी परीक्षा असते आणि तिचे वीस गुण शाळेच्या हातात असतात. त्या दिवशी मी मुलांना एकेक करून बोलावत असे. ते पाठ केलेली पाच वाक्यं म्हणत आणि जात. मुली मात्र उभ्या राहिल्या की पदराचं टोक नसलं तरी ओढणीचं टोक धरत, मान खाली घालत आणि रडकुंडीला येत. पहिल्याच वर्षी एक मुलगी खरोखर रडली. मला दया आली. मी म्हणालो, "मुलींनो, तुम्ही जा, व्हरांड्यात रांगोळी काढा. तुमचे गुण मी देतो."

पुढं ती प्रथाच झाली. तोंडीच्या दिवशी मुलं आत, मुली व्हरांड्यात. त्या रंगांच्या पुड्या घरूनच आणू लागल्या. मी खुर्चीत बसून यादीवर गुण लिहीत असे, कुणाला सतरा, कुणाला अठरा. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. सर मुलींना फार सांभाळून घेतात, असं गावात बोललं जाई. माझ्या वर्गातल्या मुलींचा इंग्रजीतला आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. आणि दया फक्त पहिल्या वर्षापुरती होती, हे आता कबूल करतो. नंतर मला वाटे, एखादी धीट निघाली आणि तिनं इंग्रजीत उलट काही विचारलं, तर?

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये नसरीन मॅडम शाळेत आल्या. त्या मेहकरच्या. वडिलांचं कापडाचं छोटं दुकान, वय सत्तावीस-अठ्ठावीस. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्ष संपलं की नोकरी संपली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा घेतलं तर घेतलं. घ्यायचं की नाही, हे विषयप्रमुखाच्या अहवालावर ठरतं, आणि इंग्रजीचा विषयप्रमुख मी.

पहिल्या दिवशी त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या. सरळ माझ्याकडं आल्या आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "गुड मॉर्निंग सर. व्हिच क्लासेस डू यू टीच?"

खोलीत सात-आठ जण होते. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "चहा घेतला का मॅडम?"

त्या क्षणभर थांबल्या. मग मराठीत म्हणाल्या, "घेते ना सर. कुठं मिळतो?" त्यानंतर त्या माझ्याशी कधीही इंग्रजीत बोलल्या नाहीत. त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते झाकलं. दुसऱ्या कुणाला आभार वाटले असते. माझ्या मनात त्यांच्याविषयी पहिली अढी बसली ती तिथं.

त्यांच्याकडं नववी होती, माझ्याकडं दहावी. दोन्ही वर्गांच्या मध्ये पत्र्याचं पार्टिशन. पलीकडं काय चाललंय ते शब्दन् शब्द ऐकू येई, आणि मी ऐकत असे. पहिला आठवडा पलीकडं शांतता होती. मी मनात म्हटलं, बरं झालं. मग एके दिवशी त्यांनी मुलींना मराठीतच विचारलं, "इंग्रजी कशाला शिकायचंय ते खरं खरं सांगा. पुस्तकातलं सांगू नका."

एक म्हणाली नर्सिंगला जायचंय. एकीला मोबाईलवर येणारे मेसेज वाचायचे होते. मग एक आवाज आला, "मॅडम, मले इंग्रजीत भांडाचं हाये."

"कुणाशी?"

"घरच्यायशी. मराठीत भांडलं का त्यायले समजते."

वर्ग फुटल्यासारखा हसला. पार्टिशनच्या अलीकडं माझी दहावीही हसली. मी छडी टेबलावर आपटली. तो आवाज कुणाचा, हे मला नंतर विचारावं लागलं. वैष्णवी. गावाबाहेर ओढ्याकाठी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, बाजाराच्या दिवशी आईबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारी. आदल्या वर्षी आठवीत ती माझ्या वर्गात होती. अख्खं वर्ष डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसलेली ही मुलगी, आणि मी तिचा आवाज पत्र्याआडून पहिल्यांदा ऐकत होतो.

"चांगलं कारण आहे," मॅडम म्हणाल्या. "मग भांडणापासूनच सुरू करू."

मुलींनी त्यांना सांगितलं होतं, की समोरच्याच्या तोंडाकडं पाहिलं की येत असलेलंही चुकतं. म्हणून मॅडमनी दोन-दोन मुलींना पाठीला पाठ लावून बसवलं. प्रत्येकीच्या कानाला कंपासपेटी, तोच फोन. बिस्किटांच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या टाकलेल्या: डॉक्टरला फोन करा, बहिणीशी भांडा, बस कधी सुटते ते विचारा. चिठ्ठी उचलायची आणि बोलायचं. नियम दोनच. कुणी हसायचं ते गमतीला, चुकीला नाही. आणि मॅडम मध्ये दुरुस्ती करणार नाहीत. बोलता बोलता मुलगी अडली, तर त्या एकच शब्द म्हणत, "मंग?" त्यांचा बाकीचा मराठी उच्चार शाळेतला होता, हा शब्द मात्र घरचा. एका तासात तो तीस वेळा तरी माझ्या कानावर पडे.

"हॅलो, डॉक्टर? माय बफेलो इज नॉट ईटिंग."

"आय अ‍ॅम नॉट बफेलो डॉक्टर. आय अ‍ॅम टीथ डॉक्टर."

मग मॅडम, "मंग?"

"देन कम फॉर टीथ. बफेलो हॅज टीथ."

ही म्हशीवाली वैष्णवी. माझ्या दहावीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, आपलाही तास तिकडंच जोडून द्या ना." मी त्याला तासभर उभं केलं.

इथून पुढं माझ्यात जे सुरू झालं त्याला सभ्य शब्द शोधत बसत नाही. मी जळत होतो. मधल्या सुट्टीत मॅडमभोवती किती मुली उभ्या आहेत ते मी मोजत असे. मुलींची अक्षरं त्यांच्यासारखी होऊ लागली, ते विषयप्रमुख म्हणून नववीच्या वह्या तपासताना दिसे. कुणी त्यांना बोरं आणून देई, कुणी सीताफळं. वैष्णवीनं एकदा मेथीची जुडी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. माझ्या टेबलावरून ती पुढं गेली तेव्हा मेथीचा ओला वास आला. चोवीस वर्षांत मला कुणी कोथिंबिरीची काडी दिली नव्हती, आणि का द्यावी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. या बाई आल्या आणि त्यांनी माझं काहीतरी नेलं, एवढंच वाटत राहिलं. खरं तर जे माझ्याकडं कधी नव्हतंच, ते त्यांच्याकडं होतं.

घरी बायकोजवळ मी सतराशे साठ तक्रारी केल्या. एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं? पोरी बोलून राह्यल्या तं बोलू द्या ना."

"फार गोंगाट होते."

"गोंगाट होते, का इंग्रजी होते?"

मी उरलेलं जेवण खाली मान घालून संपवलं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी नववीच्या रिकाम्या वर्गात गेलो. एका बाकावर कुणाची तरी कंपासपेटी राहिली होती. दार लोटलं, भिंतीकडं तोंड करून बसलो आणि ती कानाला लावली. "हॅलो," म्हणालो. पुढं काही आलं नाही. मला कुणीही पाहत नव्हतं, तरी कानशिलं तापली. पेटी होती तिथं ठेवली आणि बाहेर आलो. त्या दिवशी मॅडमचा राग सगळ्यात जास्त आला.

एप्रिलमध्ये अहवाल लिहायची वेळ आली. मुख्याध्यापकांनी सहज विचारलं होतं, "काय इंगळे सर, मॅडमचं कसं काय?" दोन शब्दांत भागलं असतं. मी म्हणालो, "लिहून देतो."

मी लिहिलं: सदर शिक्षिकेच्या तासाला वर्गात गोंगाट असतो. विद्यार्थिनी एकमेकींकडे पाठ करून बसतात व फोनवर बोलल्याप्रमाणे संभाषण करतात. लेखी सराव मागे पडला आहे. पालकांमध्ये कुजबुज आहे.

पहिली तीन वाक्यं खरी होती. चौथं मी रचलं. एकही पालक माझ्याकडं आला नव्हता. पण मुली, फोन आणि कुजबुज हे तीन शब्द आमच्या गावात एका कागदावर आले की चौकशी होत नाही, निकाल लागतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर मॅडमचं नाव वाचून त्या कुजबुजीचा कुणी काय अर्थ लावील, हेही ठाऊक होतं. हे लिहिताना हात थांबला नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. थांबला. मग पुढं गेला.

मुख्याध्यापकांनी वाचलं. "पालक बोलून राह्यले? कोण कोण?"

"दोघं-तिघं."

"पोरींची गोष्ट हाये," त्यांनी कागद फाईलला लावला. "कायले झंझट."

एवढ्यावर ते संपलं. शाळेच्या शेवटच्या दिवशी मॅडम सगळ्यांचा निरोप घेत माझ्या टेबलापाशी आल्या. हातात तो बिस्किटांचा डबा. "सर, या चिठ्ठ्या राहू द्या तुमच्याकडं. पुढच्या वर्षी या मुली तुमच्याकडं दहावीला येतील. त्यांना लागतील."

मी डबा घेतला. "जूनमध्ये भेटूच," असंही म्हणालो. त्या नुसत्या हसल्या. डबा मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागं ठेवला.

जूनमध्ये त्यांना बोलावणं गेलं नाही. पार्टिशनच्या पलीकडं शांतता झाली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मुली माझ्यासमोर वहीत मान घालून बसत. दीर्घोत्तरी प्रश्न लिहून घेत. वैष्णवीही लिहून घेई. मॅडम मेहकरला घरीच मुलींचे आणि बायकांचे वर्ग घेतात, असं कानावर आलं. आमच्या गावातल्या दोन सुना रविवारी एसटीनं तिकडं जातात, हेही कळलं. बाई गेल्या होत्या आणि तरी माझा हेवा जागच्या जागी होता. तो त्यांच्या खुर्चीचा नव्हताच, त्यामुळं खुर्ची रिकामी करून तो जाणार नव्हता.

फेब्रुवारी आला. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखं वर्गात सांगितलं, "मुलींनी उद्या रांगोळीचे रंग आणायचे."

वैष्णवी उभी राहिली. "सर, आमची तोंडी नाई का?"

"तुमचे गुण मी देतो. काळजी करू नका."

"सर, आमाले रांगोळी नाई काढाची."

उजवीकडून एक मुलगा म्हणाला, "सर, मग आमी काढतो रांगोळी." सगळे हसले. वैष्णवी हसली नाही, बसलीही नाही. तिच्या मागच्या तीन-चार मुली उभ्या राहिल्या. चोवीस वर्षांत मुलींनी माझ्याकडं काही मागितल्याची ही पहिली वेळ, आणि मागितली होती परीक्षा. मी म्हणालो, "बरं. घेतो."

दुसऱ्या दिवशी दहावीच्या रिकाम्या वर्गात मी टेबलामागं बसलो. मुलं संपली, मुली एकेक येऊ लागल्या. "स्वतःची ओळख सांग," मी म्हणे. मुलगी तोंड उघडत असे, एक वाक्य येई आणि तिथंच संपे. ज्या मुली पत्र्यापलीकडं दातांच्या डॉक्टरला म्हशीसाठी बोलावत होत्या, त्याच या. माझ्या तोंडाकडं पाहत आणि गप्प होत. माझं तोंड कसं दिसत असेल, याचा विचार मी पहिल्यांदा केला. कदाचित मीही ओठ दाबून बसलो असेन.

वैष्णवी आली. उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी पेन्सिल उचलली, सतरा लिहून मोकळं व्हावं म्हणून.

"सर," ती म्हणाली, "खुर्ची फिरवता का?"

मला कळायला वेळ लागला. मग मी उठलो, खुर्ची फिरवली आणि फळ्याकडं तोंड करून बसलो. मागं बाक ओढल्याचा आवाज आला. तीही पाठ करून बसली असावी. मग तिचा आवाज आला, तोच, पत्र्यापलीकडचा.

"हॅलो. इज धिस स्कूल?"

तोंडी परीक्षेत परीक्षकानं बोलायचं नसतं, असं मी मनाशी म्हणालो. पण फोन वाजला की उचलावा लागतो. "येस," मी म्हणालो.

"आय वॉन्ट टॉक टू नसरीन मॅडम."

फळ्यावर कालचे शब्दार्थ अर्धवट पुसलेले होते. मी ते वाचत राहिलो. "नॉट हिअर."

"व्हाय शी इज नॉट कमिंग?"

मी गप्प. मग माझ्या पाठीमागून, अगदी हळू, आवाज आला.

"मंग?"

"आय डोन्ट नो," मी म्हणालो.

चोवीस वर्षांत विद्यार्थ्याशी मी इंग्रजीत बोललेलं हे पहिलं स्वतःचं वाक्य. ते खोटं होतं.

"ओके," वैष्णवी म्हणाली. "आय विल कॉल अगेन. थँक्यू." बाक सरकला, पावलं दारापर्यंत गेली आणि थांबली. आता ती मराठीत बोलली. "सर, बाकीच्या पोरींसाठीबी खुर्ची तशीच ठेवसान. अन् तो डबा हाये का तुमच्यापाशी?"

मी कपाट उघडलं, प्रश्नपत्रिका बाजूला केल्या, डबा काढून तिच्या हातात दिला. उरलेल्या सगळ्या मुलींची परीक्षा मी फळ्याकडं तोंड करून घेतली. आधी अडलेल्यांना पुन्हा बोलावलं. कुणी चुकलं, कुणी अडलं, एक जण मध्येच हसत सुटली, पण गप्प कुणी राहिली नाही. संध्याकाळी यादीवर गुण लिहिले. वैष्णवीला अठरा. आधीच्या वर्षांतही मी अठरा दिले होते, कुणाकुणाला. हे अठरा ऐकून दिलेले होते. त्या यादीखाली सही करताना मला आधीच्या साऱ्या याद्या आठवल्या, आणि व्हरांड्यातल्या रांगोळ्या. त्या फार सुंदर असायच्या.

घरी आल्यावर मी एका कागदावर इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. अहवाल मी लिहिला. त्यात एक गोष्ट खोटी होती. मला वाईट वाटतं. मला माफ करा. दोन वेळा वाचून पाहिली, उच्चार घोकले. मग जुन्या शिक्षकसूचीतून नंबर काढून नसरीन मॅडमना फोन लावला. बायको समोर भाजी निवडत होती. मी भिंतीकडं वळलो.

फोन उचलला गेला. मागं बायका-मुलींचा आवाज. वर्ग चालू असावा. कुणीतरी कुणाशी तरी इंग्रजीत कडाकडा भांडत होतं. इतकं सगळं झाल्यावरही, माफी मागायला फोन केलेला असतानाही, तो आवाज ऐकून माझ्या पोटात ते जुनं दुखणं उठलं. हे लिहायची लाज वाटते, पण उठलं.

मी इंग्रजीत सुरू केलं. पहिलं वाक्य नीट आलं. दुसरं अडखळत आलं. तिसऱ्यापाशी मॅडम म्हणाल्या, "सर, एक मिनिट." त्या बाहेर आल्या असाव्यात, मागचा आवाज कमी झाला.

"तुम्ही इंग्रजीत बोललात, ते ऐकून बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण अहवाल मराठीत होता ना सर? मग हेही मराठीतच सांगा."

मी हातातल्या कागदाची घडी केली. "तुम्ही वाचला होता?"

"वाचला ना. मुख्याध्यापकांनी दाखवला, डबा दिला त्याच्या आदल्या दिवशी."

त्यांनी फोन ठेवला नाही. मागं भाजी निवडायचा आवाज थांबला होता. इंग्रजीतली चार वाक्यं मी घोकून ठेवली होती. मराठीतलं एकही तयार नव्हतं. ज्या भाषेत मी दिवसभर अर्थ सांगतो, तिच्यातही मला सांगता येत नव्हतं.

"मॅडम," शेवटी मी म्हणालो, "मी तुमच्यावर जळत होतो."

"हाव," त्या म्हणाल्या. "मंग?"